खोटं पोचू नको

सप्, सप्, मग थोडी उसंत, मग पुन्हा सप्. शिंदीच्या केरसुणीचा हा आवाज मी जितका दुरून ऐकला तितका कुणीच ऐकला नसेल, वहिनी. फोन बंद कसा करायचा हे तू शेवटपर्यंत शिकली नाहीस, किंवा शिकायची तुला गरज वाटली नाही. मी परगावच्या खोलीत पाठ टेकून "पोचले" म्हणायचे, तू "बरं, काढते मंग" म्हणायचीस आणि फोन तसाच खिडकीत ठेवून केर काढायला लागायचीस. मी फोन कानापासून दूर करत नसे. रायपूरला, रांचीला, संबलपूरला, अनोळखी चादरींच्या साबणवासात बसून मी आपल्या घराचा केर निघताना ऐकत राही. माजघरातून आवाज हळूहळू ओटीकडे सरके, ओटीच्या उंबऱ्याला केरसुणीची मूठ लागे, टक्. ती टक् ऐकली की मी फोन ठेवायचे. माझा प्रवास तिथे संपायचा.

आज अठरावा दिवस. मी अजून त्याच प्रवासात आहे, असं मला सारखं वाटतं. रायपूरच्या बाहेरची ती शाळा, तो लांबलचक वर्ग, फळ्यावर माझ्याच हातची अक्षरं, आणि टेबलावरच्या पिशवीत मुका करून ठेवलेला फोन. शरीर इथे मुरबाडला येऊन पोहोचलं, तुझे दिवस झाले, तेरावं झालं, भांडी घासून झाली. मी मात्र त्या वर्गातून बाहेर पडलेले नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी तुला "तुम्ही" म्हणाले होते. तू हेमंतच्या मोठ्या भावाची बायको, नात्याने माझी थोरली जाऊ. आणि मी शहापूरहून आलेली, मराठीत एम. ए. झालेली, कपड्यांच्या घड्यांखाली कवितांच्या वह्या लपवून आणलेली. तू चुलीपुढून मान वर न करता म्हणालीस, "तुमी? मी काय तहसीलदार हाय?" तेव्हापासून तू. म्हणून आजही तू.

नेम तुझा होता. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोहोचेपर्यंत घराचा केर काढायचा नाही. माझ्या माहेरीही हे ऐकलं होतं. पण तिथे माणूस वळणाआड गेलं की नेम संपायचा. तू तो अक्षरशः पाळायचीस. मी एकदा, शिकलेल्या माणसाच्या त्या किंचित वरच्या आवाजात, यामागचं कारण विचारलं. तू तांदूळ निवडत होतीस. सूप खाली न ठेवता म्हणालीस, "पावलांची धूल हाय ती. मानूस अजून रस्त्यात हाय, न तू त्याची पावलं पुसून टाकतेस? मंग त्यानं परत यायचं कशावरून?"

त्या रात्री मी हे वाक्य वहीत उतरवून ठेवलं होतं. कविता करायची म्हणून. कविता झाली नाही. वाक्य मात्र माझ्याकडे राहिलं, आणि आता त्याला हात लावायची भीती वाटते.

अडचण अशी होती की तुझा नेम बैलगाडीच्या काळातला आणि माझे प्रवास विमानाचे. तुझ्या सासूच्या वेळी माणूस सकाळी निघून दुपारी सरळगावला पोहोचत असे. मी पहाटे निघून संध्याकाळी झारखंडातल्या एखाद्या तालुक्याला टेकायचे. आणि तुझा दुसरा नेमही तितकाच कडक: दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही. म्हणजे माझा फोन दिवा लागायच्या आत यायला हवा. नाहीतर घर दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच. ऊन उतरायला लागलं की तुझा फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, फक्त "काढू?" एवढंच. विमानतळावर, सभेत, शिक्षकांच्या घोळक्यात मला तो एक शब्द ऐकू यायचा आणि इकडे कशाबद्दल बोलणं चाललं होतं तेच मी विसरायचे.

मी तुला सुचवलं होतं की कल्याण आलं की "पोचले" म्हणते, तेवढ्यावर भागव. तू ऐकलं नाहीस. "कल्यान म्हंजे पोचनं नाय गो. जिथं पाठ टेकशील तिथं पोचलीस."

एकदा विमानाला चार तास उशीर झाला. तुझा फोन आला तेव्हा मी मुंबईच्याच विमानतळावर बसले होते. दिवसभर घर केरात ठेवून तू माझी वाट बघते आहेस याची लाज वाटली आणि मी म्हणाले, "हो, पोचले, काढ." नेमकी तेवढ्यात वर घोषणा झाली. मग इतक्या शांतपणे, जणू एखाद्या लहान मुलाच्या तोंडाला लागलेलं पुसावं तसं, म्हणालीस, "खोटं पोचू नको. मी थांबते." त्या दिवशी केर निघाला नाही. दुसऱ्या दिवशी मी खोलीतून फोन केला तेव्हा तू लगेच केरसुणी घेतलीस. फक्त केरसुणीचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ चालला. दोन दिवसांचा केर होता.

माझं काम काय, असं कुणी विचारलं की तू सांगायचीस, "ती पोरांची पुस्तकं बनवते. ज्यांच्या घरात निराली भाषा बोलतात न, त्या पोरांची." यापेक्षा नेमकं आमच्या संस्थेलाही कधी सांगता आलं नाही. त्या पुस्तकांपायी महिन्यातले निम्मे दिवस मी बाहेर असायचे. हेमंत औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, पाळी बदलती. मुलगी सई सहावीत, तिला तापसुद्धा नेमका माझ्या गाडीच्या वेळी यायचा. हे सगळं कसं जमवतेस, असं मला लोक विचारायचे. एका कार्यक्रमात मी याच विषयावर बोललेही होते: कामाचे प्रवास, घरच्यांसोबतचे प्रवास आणि घर, या तिन्हींचा मेळ कसा घालावा. मी दिनदर्शिकेचं महत्त्व सांगितलं. ठरवून काढलेल्या वेळाचं महत्त्व सांगितलं. टाळ्या पडल्या. तुझं नाव त्या भाषणात नव्हतं, वहिनी. मी आता ते भाषण मनातल्या मनात पुन्हा पुन्हा चाळते आणि ते नाव कुठेच सापडत नाही.

ती दिनदर्शिका अजून स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. निळी खूण म्हणजे माझा कामाचा प्रवास. हिरवी म्हणजे आमची सहल किंवा कुणाचं लग्नकार्य. लाल म्हणजे हेमंतची रात्रपाळी. मला त्या रंगांचा अभिमान होता. हिरव्या खुणाही मी नेटाने पाळायचे. दिवेआगरला चार दिवस गेलो तेव्हा मात्र मी तीन दुपारी खोलीबाहेरच्या पायऱ्यांवर बसून कामाचे फोन घेतले. परत आल्यावर तू सईला विचारलंस, समुद्रावर काय काय केलंत. सई म्हणाली, "मी आणि बाबांनी किल्ला केला. आई तिथूनपण गावाला गेली होती." तू हसलीस, मग माझ्याकडे बघून हसू आवरलंस. तुझं ते आवरलेलं हसू मला जास्त लागलं.

गेल्या वर्षी एका सकाळी तू पिठाच्या हातांनी दिनदर्शिकेपुढे उभी राहिलीस.

"निला लय झाला गो यंदा. आभाल उतरलंय नुस्तं."

"हो ना. कमी करायचं आहे."

"न यात मी कुठं हाय?"

मी सईची वेणी घालत होते. हसून म्हणाले, "तू रोजच असतेस की घरी. तुझी खूण कशाला?"

बोलून झाल्यावर ते वाक्य माझ्याच कानाला लागलं. तू भाकरी थापायला वळली होतीस. त्या दिवशीच्या भाकरीला नेहमीसारखाच पापुद्रा होता. मी त्यावरून समजूत करून घेतली की तुला काही वाटलं नाही.

तुझं माहेर आटगावच्या स्टेशनपासून थोडं आत. मुरबाडहून सरळगाव, किन्हवली करत शहापूर, पुढे आटगाव. सकाळी निघालं तर जेवणाच्या वेळेला पोहोचावं इतकंच अंतर. पण तू जायचीस ती जेवून परत यायला. मुक्काम कधी नाही. भाऊ रुसायचा, भावजय हात धरायची. तू सांगायचीस, म्हैस आहे, सईची परीक्षा आहे. तू त्यांना हे कधीच सांगितलं नाहीस की भिंतीवर एक निळी खूण आहे आणि ती खूण आहे म्हणून तुला रात्रीच्या आत घर गाठायचं आहे. एकदाच तू मला बोललीस, तेही माझी बॅग भरून देताना, चादरीची घडी घालावी तितक्या सहज: "रायपूर तुला लांब वाटत नाय. माजं आटगाव लांब वाटतं."

मी उत्तर दिलं होतं की असं काही नाही. आता त्या उत्तराचा मला अर्थ लागत नाही.

या वेळी मात्र तू ठरवलंस. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, घरभर नव्या तांदळाचा तो दुधाळ वास भरून राहिला होता. तू म्हणालीस, "चार राती. म्हशाच्या जत्रेला परत येतेच, नवी केरसुनी तितनंच घ्यायची हाय." मी पेन पुढे केलं, कुठला रंग हवा विचारलं. तू पेन घेतलं नाहीस. फोडणीच्या डब्यातल्या हळदीत बोट बुडवलंस आणि शनिवारच्या चौकटीत टेकवलंस. "तुज्या पेना तुज्याजवल. माजा रंग घरात हाय."

पिशवी बुधवारीच भरून खुंटीला लागली. आणि गुरुवारी दुपारी संस्थेतून फोन आला: रायपूरचं प्रशिक्षण पुढच्या आठवड्याऐवजी या शुक्रवारपासून. शिक्षकांना त्यानंतर सुट्टी मिळणार नव्हती. मी नाही म्हणू शकले असते का? गेले अठरा दिवस मी तो फोन पुन्हा घेते आणि प्रत्येक वेळी वेगळं उत्तर देते. त्या दिवशी मी "हो" म्हणाले, आणि दिनदर्शिकेपुढे जाऊन शुक्रवारपासून सोमवारपर्यंत निळी रेघ ओढली. ती तुझ्या हळदीच्या बोटावरून गेली. तिथे शाई हिरवट उतरली. तू शेजारीच उभी होतीस.

"वहिनी, हे शेवटचं. मंगळवारी मी इथे आणि तू आटगावला."

"कितव्या येली शेवटचं झालं तुजं?"

"रागावलीस?"

"रागावून काय करू? तू नाय गेलीस तर त्या पोरांची पुस्तकं अडतील. आटगाव कुठं जातंय?" मग खुंटीकडे बघून, "ऱ्हाऊ दे भरलेली. दूध नाय ती, नासायला."

मला तुझा हा समंजसपणा त्या क्षणी सहन झाला नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण चिडले ते मीच. म्हणाले, "तू भांडत का नाहीस कधी? एकदा भांड ना माझ्याशी. सांग, जाऊ नको म्हणून."

तू डबा पुसत होतीस. त्यात तू माझ्यासाठी चकल्या भरणार होतीस.

"भांडन फुरसतीत करायचं अस्तं," तू म्हणालीस. "ये परत. मंग बगू."

ते भांडण राहिलं आहे, वहिनी. आपण दोघींनी वेळ ठरवून पुढे ढकललेलं एकमेव भांडण.

शुक्रवारी पहाटे तू दारात आलीस तेव्हा अंगणात पेंढ्यावर दव होतं आणि तुझ्या शालीला चुलीचा धूर. मी "येते" म्हणाले. "ये," तू म्हणालीस. "पोचलीस की सांग. न खोटं पोचू नको."

मी खरी पोहोचले होते. हेच मला समजत नाही. विमान वेळेवर होतं, रस्ता मोकळा होता, दुपारी बारालाच मी त्या गावात खोलीवर होते. चार मिनिटं पाठही टेकली. मग खालून हाक आली की शिक्षक जमलेत, आणि मी उठले. तुला फोन करायचा विसरले. अगदी साधं विसरणं, चष्मा विसरावा तसं. वर्गात शिरताना फोन मुका केला आणि दिवसभर त्या शिक्षकांना शिकवत राहिले की मूल शाळेत येताना घरची बोली सोबत आणतं, ती पुसायची नसते.

पावणेपाचला चहाच्या वेळी फोन बघितला. तुझे तीन फोन. एक दीडचा, एक अडीचचा, एक तीन वाजून दहा मिनिटांचा. दुसऱ्या कुणाचाही नाही. मला हसू आलं, खरंच आलं. घड्याळ पाहिलं, दिवेलागणीला अजून अवकाश होता. लगेच तुला फोन लावला आणि पलीकडे उचलल्याचं कळताच, तुला बोलायची संधीच न देता, एका दमात म्हणाले, "पोचले गं, कधीची पोचलेय, विसरलेच बघ. काढ आता, अजून उजेड आहे."

पलीकडे श्वास होता. बरीच माणसं असल्याची खुसफूस होती. मग भाऊजींचा, तुझ्या नवऱ्याचा आवाज आला.

"हेमंत येतोय कारखान्यातनं. तो करंल तुला फोन."

भाऊजींनी माझ्याशी फोनवर बोलण्याची ती पहिली वेळ. त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

भाऊजी चहाला घरी आले तेव्हा तू त्यांना ओटीवर दिसलीस, खांबाला टेकून बसलेली. फोन मांडीवर. केरसुणी दाराआड आडवी, जागच्या जागी. डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, एका क्षणात. हेमंतनेही मला हेच सांगितलं, तेच शब्द, तेवढेच. मला त्या क्षणाविषयी शंका नाही. मला त्याच्या आधीच्या तीन फोनांविषयी विचारायचं आहे. तू काय विचारणार होतीस? नेहमीचंच? की दीड वाजताच छातीत काही हललं होतं, आणि घरात कुणी नाही म्हणून तुला माझा नंबर आठवला? तीनदा? ज्या बाईला फोन ठेवता येत नव्हता ती तीनदा फोन लावते, एवढंच माझ्याकडे आहे. एखाद्या ओळीतला एक शब्द फाटून गेलेला असावा आणि उरलेल्या ओळीवरून तो कधीच ओळखता येऊ नये, तसं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने निघाले. तुझा मुलगा प्रशांत सुरतेहून पहाटेच पोहोचला होता. मंडळी म्हणाली, आता थांबवू नये, आणि तुला घेऊन गेली. मी गाडीतून अंगणापाशी उतरले तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि अंगण रिकामं होतं.

आणि घरातून आवाज आला. सप्, सप्, मग उसंत, मग सप्.

मी जागच्या जागी उभी राहिले. एक क्षण, वहिनी, तो क्षण मी कुणाला सांगितलेला नाही, एक क्षण मला वाटलं की सगळ्यांची चूक झाली आहे. तू आहेस. मी पोहोचले आणि तू केर काढते आहेस. आवाज माजघरातून ओटीकडे सरकत होता. मी उंबऱ्यावरच्या त्या टक्ची वाट पाहिली. ती आली नाही. शेजारच्या हिराकाकू बाहेर आल्या, पदर खोचलेला, हातात तुझी केरसुणी. माणूस कायमचं गेलं की मागोमाग घर झाडतात, धुतात. हा नेमही तूच मला सांगितला होतास, कुणाच्या तरी वेळी. ज्याने परतायचं नाही त्याची पावलं ठेवायची नसतात.

"आलीस गो?" हिराकाकू म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, तुझी बाजू सावरल्यासारखं, "लय केर होता घरात. लोकं आली न मलाच कसंतरी झालं. तुजी जाव अशी नव्हती. सकालपासूनच बरं नसंल बिचारीला, हात उचलला नसंल."

सूपभर केर त्यांनी उकिरड्यावर टाकला. त्यात माझ्या शुक्रवारच्या पावलांची धूळ होती, आणि तुझी.

पुढचे दिवस तीच गोष्ट मी प्रत्येक येणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकली. एवढी टापटिपीची बाई आणि अखेरच्या दिवशी घरात केर. कुणी हळहळलं, कुणी भुवया उंचावल्या. मी भिंतीला टेकून बसले होते. एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही की तिला बरं होतं, ती थांबली होती, ती माझ्यासाठी थांबली होती. तुझी अब्रू माझ्या एका वाक्यावर होती आणि मला ते वाक्य बोलता आलं नाही. मी, जिची भाकरीच शब्दांवर चालते.

हे माहीत असलेलं माणूस घरात एकच होतं. ज्याने त्या संध्याकाळी माझं "काढ आता" ऐकलं होतं. पण भाऊजी पहिल्यापासूनच अबोल. माझ्याशी आपणहून बोलल्याची वाक्यं मला बोटांवर मोजता येतील. तेरा दिवस ते ओटीवरच्या त्याच खांबाशी बसून होते, तुझा बटणांचा फोन खिशात. तो वाजत नव्हता, तरी ते तो रोज चार्ज करून ठेवत होते. मी समोरून गेले की ते नजर जमिनीवर न्यायचे. तो राग आहे असं मी धरून चालले होते. मला त्याने बरंही वाटत होतं. कुणीतरी रागवायला हवं होतं.

चौदाव्या दिवशी मी खुंटीवरची पिशवी काढली. दोन साड्या, मध्ये कडुनिंबाचा पाला. भावासाठी फडक्यात बांधलेले नवे तांदूळ. आणि तळाशी एका डब्यात नखाएवढे साबण, इवल्या बाटल्या, कागदात गुंडाळलेले कंगवे. रायपूर, रांची, संबलपूर. माझ्या बॅगेतून निघणाऱ्या हॉटेलच्या त्या वस्तू सई खेळायला नेते असं मला इतकी वर्षं वाटत होतं. झाकण उघडल्यावर माझ्या सगळ्या खोल्यांचा वास एकदम अंगावर आला. सई दारात उभी होती. "मोठ्या आईनं साठवले होते," ती म्हणाली. "मुक्कामाला जायचं तर साबण आपला हवा, म्हणायची."

एवढा साबण होता, वहिनी, की तू आटगावला महिनाभर राहिली असतीस.

काल मी ती पिशवी घेऊन निघाले. संस्थेने रजा दिली आहे. भिंतीवरचा हा महिना तुझ्या बोटावरून गेलेल्या रेघेपुढे कोरा आहे. निघताना ओटीवर भाऊजी होते. मी "येते" म्हणाले. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, निदान तेवढं तरी. एसटी सरळगाव, किन्हवली करत निघाली. कापलेल्या शेतांवर ऊन पडलं होतं, कुठे वाल हिरवा दिसत होता. पिशवी मांडीवर होती आणि तिच्यातून साबणाचा वास येत राहिला. शहापूरला गाडी बदलली. माझं माहेर तिथेच, स्टँडवरून हाकेच्या अंतरावर. मी उतरून तिकडे गेले नाही. हा प्रवास माझा नव्हता.

तुझ्या भावाने दारातच पिशवी माझ्या हातून घेतली आणि छातीशी धरून नुसता उभा राहिला. भावजयीने तांब्या पुढे केला. मी परत आले की तू आधी विचारायचीस, तितलं पानी कसं होतं. माणसांचं, जेवणाचं सगळं नंतर. तुझ्या माहेरच्या विहिरीचं पाणी गोड आहे, असं तू दर वेळी म्हणायचीस आणि आम्ही हसायचो. गोड आहे, वहिनी. थंड आहे, आणि मागून किंचित आवळ्यासारखं.

मी तिथे खांबाला पाठ टेकली, आणि फोन वाजला.

पडद्यावर तुझं नाव होतं. "वहिनी", आणि शेजारी सईने कधीतरी लावून ठेवलेलं सूर्यफूल. माझ्या हातून तांब्या कलंडला. बोट हिरव्या खुणेवर न्यायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही.

पलीकडे श्वास होता. मागे म्हैस हंबरली, आपली. मग जमिनीवर काहीतरी वाळकं घासल्याचा आवाज झाला, अर्धवट, सवय नसलेल्या हातात धरल्यासारखा, आणि थांबला. ज्या माणसाने साठ वर्षांत घरातली केरसुणी उचलली नाही त्याने घसा साफ केला. मग भाऊजी म्हणाले,

"काढू?"